पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी दक्षिण इराणच्या बंडखोर खानांना कसं हाताळलं

पहिलं महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले खंदक आठवतात, फार तर मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं, कुत. त्याच वर्षांत कुतच्या पूर्वेला, दक्षिण इराणात, ब्रिटिश साम्राज्य एका वेगळ्या लढाईत गुंतलं होतं. तिथे समोर कुठल्या देशाचं सैन्य उभं नव्हतं. खजुराच्या बागा आणि मातीच्या गढ्या राखून असलेले किनाऱ्यावरचे छोटे खान होते, आणि डोंगरात मेंढरांचे कळप घेऊन वर्षातून दोनदा शेकडो किलोमीटर चालणाऱ्या मोठ्या भटक्या टोळ्या होत्या. इराण तर युद्धात उतरलाच नव्हता. १ नोव्हेंबर १९१४ रोजी त्याने तटस्थता जाहीर केली होती.

एक गोष्ट लक्षात घेतली तर हा सगळा गुंता सुटायला मदत होते. इंग्रजांना प्रत्येक टोळीमागे एक जबाबदार माणूस हवा होता: त्याच्याशी करार करायचा, त्याला पैसे द्यायचे, काही बिघडलं तर त्यालाच धरायचं. पण खानाचं टोळीवर जे काही चालायचं ते टोळीला चालू दिलं तेवढंच. ज्याच्याशी करार झाला त्याला तो पाळून घेता येईलच याची खात्री नसे, आणि जो पाळून घेऊ शकत होता त्याच्याशी अनेकदा करारच झालेला नसे. साम्राज्याची जवळजवळ सगळी साधनं या एकाच ठिकाणी अडकली.

इंग्रजांना काय राखायचं होतं

१९०७ च्या करारात ब्रिटन आणि रशियाने इराणचे तीन भाग पाडले होते. उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय कोपरा ब्रिटनच्या, आणि मधला पट्टा कुणाचाच नाही. फार्स प्रांतातलं शिराझ शहर, आखातावरचं बुशेहर बंदर आणि तेलाचा मुलूख या मधल्या पट्ट्यात येत होता. १९१५ च्या मार्चमध्ये रशियाशी झालेल्या गुप्त समझोत्यात तोही ब्रिटनच्या वाट्याला गेला. या वाटणीत इराणी सरकारला कुणी विचारलं नाही.

राखायच्या गोष्टी मोजक्या होत्या. कारून नदीच्या खोऱ्यातलं तेल, तिथून अबादानच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत आलेली सुमारे २२० किलोमीटरची पाइपलाइन, भारताला युरोपशी जोडणारी तार, इम्पीरियल बँकेच्या शाखा, आणि बुशेहर ते शिराझ हा व्यापारी रस्ता. या सगळ्यावर देखरेख होती बुशेहरच्या ब्रिटिश रेसिडेंटची, म्हणजे तिथे नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीची. हा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, त्यानंतर थेट भारत सरकारच्या. १८५६-५७ च्या इराण युद्धातली फौजही मुंबईहूनच जहाजांत चढली होती. त्यामुळे बुशेहरच्या लोकांना इंग्रज हा समुद्रावरून, हिंदुस्थानी शिपाई बरोबर घेऊन येणारा माणूस म्हणून माहीत होता.

तेहरानचं सरकार जवळपास हतबल होतं. अहमद शाहचा राज्याभिषेक जुलै १९१४ मध्ये झाला तेव्हा तो किशोरवयात होता. तिजोरी रिकामी होती. रस्ते राखायला स्वीडिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक सशस्त्र पोलीस फौज, म्हणजे जंदार्मरी, उभी केलेली होती, पण तिचे पगार तुंबत आणि तिच्यातले बरेच जण जर्मनांकडे झुकलेले होते. इंग्रजांकडेही पाठवायला फौज नव्हती, कारण जो काही हिंदुस्थानी शिपाई सुटा होई तो मेसोपोटेमियात लागत असे. म्हणून दक्षिण इराणचा कारभार आधी पैशावर चालला, मग धमकीवर आणि सर्वांत शेवटी बंदुकीवर.

खान, कलांतर आणि टोळी

फार्स प्रांतातली सगळ्यांत ताकदवान टोळी कश्काई. भाषा तुर्की, हिवाळा समुद्राकडच्या उष्ण कुरणांत, उन्हाळा उत्तरेच्या थंड डोंगरात. वर सर्वांचा प्रमुख तो इलखानी. त्याच्या खाली दर्रेशूरी, कश्कूली, फार्सीमदान, शिश-बलूकी अशा पोटटोळ्या, त्यांचे प्रमुख कलांतर, त्यांच्या खाली कदखुदा, आणि सगळ्यांत खाली एकत्र तंबू ठोकणारी कुटुंबं. इलखानी कुरणं वाटून देई, भांडणं मिटवी, सरकारशी बोलणी करी आणि युद्धात माणसं बोलावी. बोलावल्यावर माणसं येणं मात्र कलांतरांच्या मर्जीवर असे. एखादा कलांतर नाराज झाला की तो तंबू उचलून बख्तियारींच्या किंवा शेजारच्या दुसऱ्या टोळीच्या आश्रयाला जाऊ शकत होता. त्यामुळे इलखानीला सतत वाटत राहावं लागे: पैसा, कुरण, मान, लुटीतला हिस्सा.

महायुद्धात हे पद इस्माईल खान सौलत-उद-दौला यांच्याकडे होतं. त्यांना सावत्र भाऊ होते आणि ते भाऊ या पदावर नजर ठेवून होते.

कश्काईंवर वचक ठेवायला तेहरानने १८६० च्या दशकात पाच टोळ्यांची मोट बांधून खम्सेह हा संघ उभा केला होता. अरब, बासेरी, बहारलू, इनालू आणि नफर या त्या पाच टोळ्या. त्यांच्या प्रमुखपदी शिराझच्या कवाम-उल-मुल्क या घराण्याला बसवलं. हे घराणं मुळात शहरातलं, व्यापारात मुरलेलं. बुशेहरकडून येणारा माल सुखरूप पोचण्यात त्यांचा थेट फायदा होता, त्यामुळे इंग्रजांशी त्यांचं जमणं ओघानेच आलं.

किनाऱ्यावरच्या तंगिस्तान भागाचं चित्र निराळं होतं. तिथे एवढी मोठी शिडी नव्हती. दहा-वीस खेड्यांचा एक खान, एक गढी, खजुराची बाग आणि काही शे बंदुका. देलवारचे रईस अली, अहरमचे झायर खिझर खान, चाहकूताहचे शेख हुसेन, बोराझजानचे घझनफर-उस-सल्तनेह हे यातले मुख्य. बंदुका बहुतेक मस्कतहून आलेल्या. १९१० नंतर ब्रिटिश नौदलाने आखातातला शस्त्रांचा चोरटा व्यापार आवळला, त्याचा फटका या किनाऱ्याला बसला होता. महायुद्धात नजफच्या शिया धर्मगुरूंनी इंग्रजांविरुद्ध फतवे काढले. जुना राग, धर्माची हाक आणि दारात उतरलेलं परकं सैन्य यांतलं एकच कारण निवडून बाकीची सोडून देणं रईस अलींसारख्यांवर अन्याय करणारं आहे. तिन्ही कारणं खरी होती.

बुशेहर ते शिराझचा रस्ता

हा रस्ता नीट पाहिल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतलं, पण चाकाची गाडी चालेल असा हा रस्ता नव्हता. खेचरांच्या काफिल्याला दहा-बारा दिवस लागत. बुशेहर जवळजवळ बेटच आहे. मुख्य भूमीशी त्याला जोडणारा मशीलेह हा खाऱ्या चिखलाचा सखल पट्टा मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. तो ओलांडला की बोराझजान, मग दालकी. तिथून चढ सुरू. मालूची खिंड, मग कनारतख्तेह. कमारिजची खिंड, मग काझेरून. पुढे दोख्तर आणि पीरेझन या दोन खिंडी, दश्त-ए-अर्जनचं पठार, खानेह झेनियान आणि शेवटी सुमारे १५०० मीटर उंचीवरचं शिराझ. पीरेझनची खिंड तर २००० मीटरच्याही वर जाते. काही ठिकाणी वाट इतकी अरुंद की लादलेली दोन खेचरं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे. वरच्या खडकांत वीस तुफंगची, म्हणजे बंदूकवाले, बसले तरी खाली शेकडो माणसं अडकून पडत.

प्रत्येक टप्प्यावर ज्याचा मुलूख त्याची राहदारी असे. दर जनावरामागे ठरलेली रक्कम द्यायची आणि बदल्यात पुढच्या हद्दीपर्यंत त्याच्या माणसांचं संरक्षण घ्यायचं. दर ठरलेले असेपर्यंत व्यापारी हे सोसत होते, कारण लुटीपेक्षा राहदारी स्वस्त पडे. बिघाड तेव्हा होई जेव्हा एकाच टप्प्यावर दोन दावेदार उभे राहत. मग दोघेही पैसे घेत आणि संरक्षण कुणीच देत नसे. तेहरानमधलं सरकार बदललं, फार्सचा राज्यपाल बदलला, इलखानीचं पद एका भावाकडून दुसऱ्याकडे गेलं की हे हमखास होई. म्हणजे वरचा माणूस बदलला की रस्ता बंद पडणार हे जवळजवळ ठरलेलं. पुढे इंग्रजांनी स्वतःच वरची माणसं बदलली, तेव्हा हा परिणाम त्यांच्याच वाट्याला आला.

युद्धाच्या आधीही त्यांनी यावर उपाय शोधला होता. ऑक्टोबर १९१० मध्ये ब्रिटनने तेहरानला बजावलं की तीन महिन्यांत रस्ते सुरक्षित झाले नाहीत तर हिंदुस्थानी सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली हजार-बाराशे माणसांचं स्थानिक दल उभं करू, आणि खर्चासाठी दक्षिणेच्या बंदरांतल्या जकातीवर दहा टक्के अधिभार लावू. ते त्या वेळी झालं नाही. सहा वर्षांनी तीच कल्पना कितीतरी मोठी होऊन परत आली.

पैसा आणि कागद

सगळ्यांत जुनं साधन पैशाचं. तेलक्षेत्र बख्तियारींच्या कुरणांत होतं. १९०५ मध्ये बख्तियारी खानांशी करार झाला: विहिरी आणि पाइपलाइनीच्या रखवालीसाठी वर्षाला २,००० पौंड, पाइपलाइन पूर्ण झाल्यावर ३,०००, आणि त्यांच्या मुलखात काम करणाऱ्या तेल कंपन्यांमध्ये तीन टक्के समभाग. अबादानची जमीन मोहम्मराच्या शेख खझलकडून १९०९ मध्ये वर्षाला ६५० पौंड भाड्याने घेतली. हा शेख आपल्या अरब टोळ्यांचा प्रमुख आणि तेहरानपासून जवळपास स्वतंत्र. त्याला १९१० मध्ये आणि पुन्हा १९१४ च्या अखेरीस लेखी आश्वासनं दिली की इराणी सरकारने त्याच्या अधिकारावर अतिक्रमण केलं तर ब्रिटन पाठीशी राहील.

या व्यवहाराची रचना हुशारीची होती. पाइप सुरक्षित राहिला तर खानाचा फायदा, फुटला तर खानाचा तोटा. पण पैसा खानांच्या दोन मुख्य शाखांपर्यंत, इलखानी आणि हाजी इलखानी घराण्यांपर्यंत, येऊन थांबे. प्रत्यक्ष रखवाली करणाऱ्याच्या हातात त्यातलं किती पडायचं हे खानावर अवलंबून. त्यात थोरले खान तेहरानच्या राजकारणात गुंतलेले. म्हणून पहिला तडाखा जोरात बसला: फेब्रुवारी १९१५ मध्ये अहवाझजवळ पाइपलाइन फोडली गेली. फोडणारे अरब टोळ्यांचे लोक होते, म्हणजे ज्या शेख खझलवर इंग्रजांची भिस्त त्याच्याच वर्तुळातले. तुर्कांनी पुकारलेल्या जिहादची हाक त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि शेखचा शब्द तिथे पुरा पडला नाही. तेल पुन्हा नियमित वाहायला जून उजाडला, आणि त्यासाठी मेसोपोटेमियातून सैन्य वळवावं लागलं.

बख्तियारींमध्येही घरात दोन तट होते. १९१६ च्या सुरुवातीला थोरल्या खानांशी नवा समझोता झाला, पण तरुण खानांतले काही जर्मनांच्या बाजूने लढत होते आणि खान घराण्यातल्या बीबी मरियम यांनी जर्मनांना आसरा दिला होता. एकाच घरातल्या माणसांनी दोन्हीकडे पाय ठेवणं याला लबाडी म्हणणं सोपं आहे. युद्धाचा निकाल कुणालाच माहीत नसताना घराणं तगवण्याची ती रीत होती.

तंगिस्तान, १९१५

विल्हेल्म वासमुस हा बुशेहरमध्ये पूर्वी काम केलेला जर्मन वकील, म्हणजे कॉन्सल. फारसी उत्तम, माणसं ओळखीची. १९१५ च्या सुरुवातीला तो दक्षिणेत उतरला. किनाऱ्यावरच्या बंदर रिगचा हैदर खान इंग्रजांच्या बाजूचा होता. त्याने वासमुसला पकडलं, पण इंग्रजांच्या हाती देण्याआधीच वासमुस निसटला. सामान मागे राहिलं. त्याच सुमारास इंग्रजांनी बुशेहरच्या जर्मन वकिलाला अटक करून हिंदुस्थानात पाठवलं. तटस्थ देशाच्या भूमीवर परक्या वकिलाला उचलल्याने तंगिस्तानी खानांच्या हाती तक्रारीला ठोस कारण आलं. वासमुसकडे सोनं कमी होतं. शब्द आणि जर्मन विजयाच्या बातम्या भरपूर होत्या. पैसा पुढे मिळेल या बोलीवर त्याने खानांना उभं केलं.

१२ जुलै १९१५ रोजी बुशेहरबाहेर तंगिस्तान्यांशी झालेल्या चकमकीत दोन ब्रिटिश अधिकारी मारले गेले. एक ९६ व्या बेरार इन्फन्ट्रीतला मेजर, दुसरा रेसिडेंटचा सहायक. या पलटणीचं नाव वऱ्हाडचं, त्यामागचं कारण सांगण्यासारखं आहे. ती मूळची हैदराबाद कंटिंजंटमधली. त्या फौजेच्या खर्चासाठी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांनी आपल्या कारभाराखाली घेतलं, आणि १९०३ च्या पुनर्रचनेत पलटणीला ते नाव मिळालं. स्थानिक सत्ताधीशाच्या महसुलातून आपली फौज पोसायची ही पद्धत इंग्रजांनी हिंदुस्थानातच घोटली होती. इराणात तेच करू पाहताना आड आली ती एक गोष्ट: तिथला मुलूख त्यांच्या ताब्यात नव्हता.

प्रत्युत्तरात ८ ऑगस्टला बुशेहर ताब्यात घेतलं. टपाल कचेरीतल्या इराणी तिकिटांवर हे शहर ब्रिटिश ताब्यात असल्याचा इंग्रजी शिक्का छापून ती विकायला ठेवली. तेहरानला चिथवायला एवढं पुरेसं होतं. काही दिवसांतच जूनो, पिरॅमस, लॉरेन्स आणि डलहौसी ही जहाजं देलवारसमोर उभी राहिली. तोफांचा मारा करून बेरार इन्फन्ट्रीचे शिपाई उतरवले, गढी पाडली, खजुराची झाडं तोडली.

झाडं तोडण्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. खजुराचं झाड नीट फळायला बरीच वर्षं घेतं. त्या किनाऱ्यावर खजूर हेच अन्न, तेच भांडवल आणि तोच हुंडा. गढी दोन महिन्यांत पुन्हा बांधता येते. बाग गेली की एक पिढी गरीब होते. माझ्या मते या मोहिमेतलं सगळ्यांत कठोर पाऊल हेच, आणि सगळ्यांत निरुपयोगीही. माणसं आधीच टेकड्यांत निघून गेली होती. मागे गमावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तडजोड करायचं कारणही संपलं.

रईस अली ३ सप्टेंबर १९१५ च्या रात्री लढताना मारले गेले. गोळी आपल्याच माणसाने पाठीमागून घातली असं इराणात सर्रास मानतात. तो दिवस आज तिथे ब्रिटिश वसाहतवादाविरुद्धच्या लढ्याचा दिवस म्हणून पाळला जातो. ९ सप्टेंबरला तंगिस्तान्यांनी बुशेहरवर केलेला मोठा हल्ला मशीलेहच्या पट्ट्यात मोडून पडला. हिंदुस्थानी घोडदळाने तिथे धावा केला होता. १६ ऑक्टोबरला इंग्रजांनी शहराचा कारभार इराणी सरकारकडे परत दिला. पण बुशेहरची तटबंदी ओलांडली की रस्ता खानांचाच होता, आणि तो १९१८ च्या अखेरीपर्यंत त्यांचाच राहिला.

शिराझचे कैदी

१० नोव्हेंबर १९१५ रोजी शिराझमध्ये जंदार्मरीच्या बंडखोर अधिकाऱ्यांनी ब्रिटिश वकील फ्रेडरिक ओ'कॉनर यांच्यासह तिथल्या बँक आणि तारखात्यातल्या इंग्रजांना पकडलं. स्त्रियांना बुशेहरला जाऊ दिलं, पुरुषांना अहरमला झायर खिझर यांच्या गढीत ठेवलं. नऊ महिने ते तिथे होते. एक जण कैदेतच वारला.

इथे पारडं खानांकडे झुकलं होतं. अहरमवर फौज पाठवली तर कैद्यांचा जीव धोक्यात, आणि पाठवायला फौज नव्हतीच. एप्रिल १९१६ मध्ये कुत पडलं, म्हणजे तिथे वेढलेली ब्रिटिश फौज तुर्कांना शरण गेली, तेव्हा इंग्रजांचा धाक आणखी उतरला. शेवटी हिंदुस्थानात अटकेत ठेवलेले तंगिस्तानी कैदी सोडून ऑगस्ट १९१६ मध्ये देवाणघेवाण झाली. ज्यांना कागदोपत्री लुटारू म्हटलं जात होतं त्यांच्याशीच बरोबरीच्या पक्षासारखी अदलाबदल करावी लागली. खानांच्या दृष्टीने ही मोठी कमाई होती.

स्वतःचीच फौज

शिराझ परत मिळवायला इंग्रजांनी कवाम घराणं वापरलं. कवाम-उल-मुल्क पळून किनाऱ्याकडे आले होते. त्यांना तोफा, बंदुका आणि पैसा दिला गेला. परतीच्या वाटेवर लढाया जिंकत असतानाच घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांचा मुलगा इब्राहिम खान कवाम होऊन शिराझमध्ये शिरला. कवामला शस्त्र देणं म्हणजे कश्काईंच्या शत्रूला शस्त्र देणं. १९१५ मध्ये सौलत-उद-दौला उघडपणे इंग्रजांविरुद्ध उतरले नव्हते. तरी इथून पुढे इंग्रजांच्या प्रत्येक हालचालीकडे ते संशयानेच बघणार हे नक्की झालं.

मार्च १९१६ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर पर्सी साइक्स मूठभर अधिकारी आणि हवालदार घेऊन बंदर अब्बासला उतरले. काम होतं स्थानिक माणसं भरती करून साउथ पर्शिया रायफल्स हे दल उभं करण्याचं. दलाला ११,००० पर्यंत माणसं ठेवण्याची मुभा कागदावर होती, प्रत्यक्षात ती ८,००० च्या आसपास गेली. केर्मान, यझ्द, इस्फहान करत साइक्स नोव्हेंबर १९१६ मध्ये शिराझला पोचले. तिथे पगार थकलेले जंदार्मरीचे शिपाई होते. त्यांना थकबाकी देऊन तसंच्या तसं नव्या दलात घेतलं.

ही घाई पुढे अंगलट आली. या शिपायांतले अनेक जण वर्षभरापूर्वी इंग्रजांविरुद्ध उभे होते. अधिकारी ब्रिटिश, प्रशिक्षण देणारे हिंदुस्थानी हवालदार, पगार ब्रिटिश, आणि नाव मात्र इराणी सरकारच्या दलाचं. शिपायाने निष्ठा कुणाशी ठेवायची याचं सरळ उत्तर कुणापाशी नव्हतं. डिसेंबर १९१६ मध्येच काझेरूनचे नासिर दीवान उठले, त्यांनी ठाणी घेतली आणि खिंडीत चालून आलेली तुकडी मागे फिरवली. बुशेहरचा रस्ता पुन्हा बंद. १९१७ मध्ये सौलत-उद-दौलांशी समझोता झाला, तो वर्षभर कसाबसा टिकला.

१९१८: सौलत-उद-दौला

तेहरानच्या मंत्रिमंडळाने १९१८ च्या वसंतात साउथ पर्शिया रायफल्सला परकीय फौज ठरवून तिची मान्यता नाकारली. त्यामुळे तिच्याविरुद्ध शस्त्र उचलणारा माणूस बंडखोर राहिला नाही, उलट त्याला सरकारच्या भूमिकेचा आधार मिळाला. हे सौलतना नेमकं कळलं होतं.

ठिणगी पडली ती क्षुल्लक भांडणातून. मे महिना, कश्काईंचं उत्तरेकडचं स्थलांतर चालू, सगळी टोळी बायका-मुलं आणि जनावरांसह शिराझच्या आसपासून चाललेली. खानेह झेनियानच्या ठाण्याने चोरीच्या आरोपावरून दर्रेशूरी माणसांना पकडलं. एरवी हा वाद कलांतराने भरपाई देऊन मिटवला असता. स्थलांतराच्या वाटेवर, हजारो बंदुका जवळ असताना, आणि पकडणारं दल नुकतंच परकं ठरलेलं असताना तो मिटला नाही. सौलत उतरले, काझेरूनचे नासिर दीवानही आले. २५ मे रोजी शिराझजवळ देह शेख इथे मोठी लढाई झाली. त्याच वेळी खानेह झेनियानचे शिपाई उलटले, त्यांचा ब्रिटिश कॅप्टन आणि सार्जंट मारले गेले. इतर ठाण्यांतून पळापळ सुरू झाली. शिराझ राखलं ते मुख्यतः हिंदुस्थानी पलटणींनी.

वेढा मोडला तो मात्र लढाईपेक्षा भाऊबंदकीने. फार्सचे राज्यपाल फर्मानफर्मा यांनी सौलतना इलखानी पदावरून काढलं आणि त्यांचा सावत्र भाऊ सरदार एहतेशाम याला बसवलं. कवाम खम्सेहची माणसं घेऊन इंग्रजांच्या बाजूला आले. कश्कूलींचे प्रमुख फुटले. कलांतर सरकू लागले तशी सौलतची फौज विरघळली. उन्हाळा डोक्यावर आला होता आणि कळपांना थंड कुरणं हवी होती. टोळीची फौज म्हणजे कुटुंबकबिल्यासह चालणारी माणसं. जनावरं मरू लागली तर ती वेढा घालून बसू शकत नाही. जुलैपर्यंत सौलत फिरूझाबादकडे मागे हटले.

पण नवा इलखानी टोळी आपल्या बाजूला ओढू शकला नाही. ऑक्टोबरमध्ये सौलतनी त्यालाच फिरूझाबादला कोंडलं, आणि त्याच्या सुटकेसाठी शिराझहून तुकडी पाठवावी लागली. पद देता आलं, पण पदामागची माणसं देता आली नाहीत. त्याच शरदात इन्फ्लुएन्झा आला. आधीच दुष्काळाने पोखरलेल्या मुलखात त्याने हाहाकार केला. शिराझच्या सुमारे पन्नास हजार वस्तीतली दहा हजार माणसं गेली असा साइक्स यांचा अंदाज होता. कश्काईंचीही अपरिमित हानी झाली. दक्षिणेतलं युद्ध थांबलं त्यात या साथीचा वाटा फार मोठा आहे, आणि ब्रिटिश विजयाच्या वर्णनांत तो कमी सांगितला जातो.

तोवर मेसोपोटेमियातला ताण कमी झाला होता. १९१८-१९ च्या हिवाळ्यात बुशेहरहून मोठी फौज निघाली. बोराझजानपर्यंत हलकी रेल्वे टाकत, पुढे खिंडींत सुरुंग लावून वाट रुंद करत ती चढली आणि जानेवारी १९१९ मध्ये काझेरून हाती आलं. तीन वर्षं पैसा, कागद, भाऊबंद आणि भाडोत्री दल यांनी जे झालं नाही, ते रस्ता बांधणाऱ्या फौजेने एका हिवाळ्यात केलं. अर्थात खर्च प्रचंड आला, आणि तो जन्मभर चालवणं ब्रिटनला परवडणार नव्हतं.

युद्धानंतर कुणाचं काय झालं

साउथ पर्शिया रायफल्स १९२१ मध्ये विसर्जित झालं. सौलत-उद-दौलांना इलखानीपद परत मिळालं आणि त्यांनी कश्कूलींचा हिशेब चुकता केला. इंग्रजांच्या बाजूला गेलेल्या प्रमुखांना शिक्षा केली आणि ती पोटटोळीच फोडली. कश्कूली कूचेक आणि काराचाई हे गट त्यातून वेगळे निघाले, आणि ही फाळणी पुढेही टिकली. युद्धात इंग्रजांना साथ देणाऱ्यांची किंमत अशी टोळीच्या आत चुकवली गेली, तेव्हा इंग्रज मदतीला नव्हते. स्वतः सौलत रझा शाहच्या, म्हणजे १९२५ मध्ये इराणचा राजा झालेल्या रझा खानच्या, कैदेत १९३३ मध्ये मरण पावले.

वासमुस १९२४ मध्ये खानांची देणी फेडायची म्हणून बुशेहरजवळ परत आला. शेती करून पैसे उभे करायचा त्याचा बेत होता. शेती बुडाली, वाद कोर्टात गेले, आणि १९३१ मध्ये तो जर्मनीत वारला.

शेख खझलने ब्रिटिश आश्वासनांची पत्रं जपून ठेवली होती. १९२४-२५ मध्ये रझा खान सैन्य घेऊन त्याच्यावर आला, तेव्हा ब्रिटनला तेहरानमध्ये एक मजबूत सरकार अधिक सोयीचं वाटत होतं. शेखला पकडून तेहरानला नेलं. १९३६ मध्ये तो तिथे नजरकैदेत मेला. बख्तियारी खानांचे तेलातले समभाग १९३० च्या दशकात इराणी सरकारने विकायला लावून काढून घेतले.